रुद्राप्पाची शेवटची मॅच

“जरा दम धरा, बाई,” तो मान वर न करताच म्हणाला, “रुद्राप्पाकडं बॉल हाय.”

मी भांडायला आले होते. सातवीच्या अडतीस मुलींच्या निबंधाच्या वह्या वर टेबलावर पडल्या होत्या, आणि मावशीच्या घरासमोरच्या तालमीच्या कट्ट्यावर पंधरा-वीस माणसे अशा आवेशाने ओरडत होती की मला एका अक्षराचाही अर्थ लागेना. शेवटी पदर खोचून मी जिना उतरले, रस्ता ओलांडला आणि त्या घोळक्यापुढे जाऊन उभी राहिले. मधोमध कट्ट्याच्या दगडावर चिंचोके मांडलेले होते. एकवीस चिंचोके, आणि त्यांच्या ऐन मध्यावर गुळाचा एक खडा.

“कोण रुद्राप्पा?” मी विचारले.

कट्टा एकदम शांत झाला. पांढऱ्या मिशांच्या एका म्हाताऱ्याने दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावले.

“बाई नवीन हायत, पिराजीआण्णा,” तोच पुन्हा म्हणाला. “शांतव्वामावशीची भाची. गडहिंग्लजची.”

“आणि ते रुद्राप्पा कुठे आहेत?”

“कबनूरला. मागावर.”

“मग चेंडू?”

“बॉल इथं हाय की,” आणि त्याने गुळाच्या खड्यावर हलकेच बोट टेकवले.

“ही मॅच आहे तरी कधीची?”

“एकोणपन्नास सालची.”

त्या दिवशी पंचावन्न सालातला डिसेंबर चालू होता. “मग सहा वर्षे थांबलेला चेंडू,” मी म्हणाले, “आणखी अर्धा तासही थांबेल. माझ्या वह्या होईपर्यंत.”

तेव्हा कुठे त्याने वर पाहिले. चेहरा रुंद, उन्हाने रापलेला. डोळे मात्र एखाद्या अवघड कवितेची ओळ प्रथमच उलगडावी तसे हळूहळू हसत गेलेले. “बॉल थांबंल,” तो म्हणाला, “पिराजीआण्णांचं काय सांगता येत न्हाय. वय झालंय त्यांचं.”

पिराजीआण्णांची शिवी आणि सगळ्यांचे हसू एकाच वेळी उसळले. मी रस्ता ओलांडून परत आले. वर आल्यावर ध्यानात आले की मीही हसते आहे.

त्याचे नाव त्र्यंबक. सकाळी तो शाहूपुरीत वडिलांच्या अडतीवर गुळाचे सौदे पुकारी आणि संध्याकाळी मंगळवार पेठेत येऊन रुद्राप्पाच्या आठवणी सांगे. रुद्राप्पा म्हणजे चिंचेखालच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा सेंटर हाफ. अठ्ठेचाळीसपासून पाच वर्षे तो मैदानाच्या मध्यावर उभा राहिला. मग गुडघा गेला आणि तो कबनूरला आपल्या घरच्या यंत्रमागांवर परतला. पेठेने त्याला जाऊ दिले खरे, पण सोडले नाही. रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास चिंचोके मांडले जात, अडतीवरून आणलेला गुळाचा खडा रुद्राप्पाच्या जागी मध्ये ठेवला जाई, आणि रुद्राप्पा पुन्हा खेळू लागे. “त्याला हलवलं की बोटाला गोडी लागती,” असे त्र्यंबक म्हणे. मुंग्याही लागत, पण त्यांना कुणी मैदानाबाहेर काढत नसे.

मी खिडकी लावून घेणे सोडून दिले. मग टेबल खिडकीपाशी ओढले. मग एके दिवशी पाहिले तर लाल शाईची दौत उघडी, टाक कोरडा, आणि मी कितीतरी वेळ एका माणसाने डाव्या पायाने उजवीकडे दिलेल्या एका पासाचा विचार करत बसलेली.

फुटबॉलमधले मला काहीही कळत नव्हते. पण त्या आवाजात एक विलक्षण गोष्ट होती. सौदा पुकारून पुकारून तो थोडा घोगरा झालेला. गर्दीवरून सहज जाणारा. आणि तरीही ऐन मोक्याच्या जागी तो असा खाली येई, की पंधरा-वीस डोकी एकदम पुढे झुकत आणि वर, पहिल्या मजल्यावर, माझेही. हळूहळू त्या आवाजात समजावणी येऊ लागली. “आता सेंटर हाफ म्हंजे कोण? फुडं बी त्योच, मागं बी त्योच. गोल दुसरा करतो, हार दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. पण बॉल आधी ह्याच्या पायाला लागून गेल्याला असतो.”

“हे आम्हाला काय शिकवतुयास रं?” पिराजीआण्णा खवळले. “मी तुझ्या बापाला शिकवलंय फुटबॉल!”

“उजळणी केलेली बरी असती, आण्णा.”

कट्ट्यावर कुणीतरी खोकले. खिडकीकडे मात्र कुणीही पाहिले नाही. न पाहण्याचा इतका एकमुखी प्रयत्न मी पुढे कधी कुठे पाहिला नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तो मावशीला गुळाची ढेप द्यायला आला. मावशी आत चिक्कीच्या पाकाशी झुंजत होती. जिन्यात आमची गाठ पडली. ढेप खांद्यावर, आणि मी दोन पायऱ्या वर.

“काल तुम्ही म्हणालात, त्यांनी चेंडू छातीवर घेतला,” मी म्हणाले. “गेल्या आठवड्यात त्याच मॅचमध्ये तो डोक्यावर घेतला होता.”

“वही तपासताय व्हय माझी?”

“तपासावीच लागेल, असे दिसते.”

“तपासा. पण लाल शाई जरा कमी लावा, बाई. गरीब विद्यार्थी हाय.”

“गरीब विद्यार्थी अभ्यास करून येतात.”

“अभ्यास...” त्याने ढेप दुसऱ्या खांद्यावर घेतली. तेवढ्यासाठी लागायला हवा त्याहून कितीतरी अधिक वेळ घेतला. “अभ्यास चाललाय की. पोर्शन मोठा हाय.”

आतून मावशीची हाक आली, “कोण हाय गं, यव्वा?” आणि मी ‘गूळ’ असे उत्तर देऊन मोकळी झाले. त्यावर त्या जिन्यात तो जे हसला ते कट्ट्यावर पोचले असावे. कारण खाली पिराजीआण्णांनी विनाकारण घसा खाकरला.

फाल्गुन आला. चिंचेची जुनी पाने रस्ताभर पिवळी बारीक नक्षी काढू लागली. कट्ट्यावरच्या मॅचा मात्र विरळ होत होत्या. एकोणपन्नासची झाली, पन्नासच्या चार झाल्या, एक्कावन्नची ती चिखलातली दोनदा झाली. पाच वर्षे खेळलेल्या माणसाच्या आठवणी काही अथांग नसतात. एक-दोन संध्याकाळी तर त्र्यंबक नुसता चिंचोके चाळवत बसला. मी खिडकीत होते, आणि खिडकीत असल्याची मला प्रथमच लाज वाटली. आपण ज्याची वाट पाहतो आहोत ते संपत आले आहे, आणि तरी उठवत नाही, अशी ती लाज होती.

मग चैत्रातल्या एका रविवारी त्याने चिंचोके पुन्हा नीट मांडले. “बावन्न साल,” तो म्हणाला. “लीगची शेवटची मॅच. पलीकडच्या पेठेबरोबर.”

पिराजीआण्णांनी तोंड उघडले. मग, का कोण जाणे, मिटले. बाकीचेही आपापल्या पायांकडे पाहू लागले.

“ऊन कलत आलतं. दोन्ही बाजू दमलेल्या. बॉल मधोमध रुद्राप्पाकडं आला... आन् त्यानं त्यो पायाखाली धरला. धरला, आन् थांबला.”

त्र्यंबकाचा आवाज इतका खाली आला की मी खिडकीच्या चौकटीला हात टेकले.

“कुणाला वाटलं पास देईल, कुणाला वाटलं मारंल. न्हाय. नुसता उभा. म्होरचे गडी थांबले, मागचे थांबले. वर एक घार फिरत हुती, ती सुद्धा जागच्या जागी. रुद्राप्पा बघत हुता... पर दिऊ कुणाला? ज्याला द्यायचा त्यो लांब हाय. मधी अख्खं मैदान हाय. घाईनं मारला तर जाईल कुठं तरी भलतीकडंच. म्हणून थांबला. त्याला म्हाईत हुतं, अशा वक्ताला थांबायला बी ताकद लागती.”

मी आजवर वाचलेल्या कवितांमधले सगळे विराम त्या एका थांबण्यात येऊन मिसळले आहेत, असे मला वाटले. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदाच, मी खिडकीतून बोलले.

“मग? गोल?”

सगळ्यांनी एकदम वर पाहिले आणि एकदम खाली.

“न्हाय झाला, बाई,” त्र्यंबक म्हणाला. “शून्य-शून्य.”

“कुणाचाच नाही?”

“कुणाचाच न्हाय. काही मॅचा अशाच असत्यात.”

त्या संध्याकाळनंतर माझ्या मनात एक माणूस राहायला आला. मैदानाच्या मध्यावर चेंडू पायाखाली धरून, घाई न करता उभा असलेला. त्याचा चेहरा मला ठाऊक नव्हता. त्याचे नाव मात्र ठाऊक होते, निदान मी तसे समजत होते.

म्हणून मे महिन्यात गडहिंग्लजहून माझ्या वडिलांचे, अप्पांचे पत्र आले तेव्हा मी ते तीनदा वाचले. कबनूरहून स्थळ आले होते. मुलाचे घरचे चार माग, माणसे सालस, आईला शिकलेली सून हवी. पूर्वी फुटबॉल खेळत असे. आता फक्त उजवा गुडघा थोडा आखडतो. नाव रुद्राप्पा. वाचता वाचता पुस्तकातल्या कुणीतरी पानाबाहेर येऊन आपला हात मागावा, तसे मला झाले. नकार सुचलाच नाही. होकार मनातल्या मनात लिहून ठेवला. फक्त त्यावर सही करायला हात धजेना, आणि का धजेना ते समजेना.

मावशीने ही बातमी नळावर सांगितली. तासाभरात ती पेठभर झाली. रुद्राप्पा परत येणार, आणि तोही पेठेचा जावई होऊन! तालमीच्या दाराला झेंडूचे तोरण लागले. बयाबाई फुलवालीने त्याचा दाम घेतला नाही. पिराजीआण्णा मला पाहून रस्त्यात उभे राहत आणि “लक्ष्मी हाय पेठेची!” असे शेजारच्याला सांगत; पण ते सांगताना त्यांच्या मिशा मात्र खाली ओघळलेल्या दिसत.

त्र्यंबक चार संध्याकाळी कट्ट्यावर आला नाही. पाचव्या दिवशी बाजारातून येताना तो समोर आला.

“अभिनंदन, बाई.”

“अजून काही ठरलेले नाही.”

“रुद्राप्पाला न्हाय कोण म्हणंल?” त्याने हसण्याचा प्रयत्न केला. “मला मागणी आली असती तर मी बी व्हय म्हणलो असतो.”

“तुम्ही कट्ट्यावर का येत नाही?”

“आता त्यो सोताच येणार. मग मी सांगायचं काय राहिलं?...” आणि तो वळला. त्याच्या पाठीकडे पाहताना माझ्या छातीत काहीतरी बारीकसे, टोकदार हलले. मी त्याला पेपर तपासण्याचा शीण समजले. पण शाळेला सुट्टी लागून तेव्हा दोन आठवडे होऊन गेले होते.

रविवारी दुपारी वळीव कोसळून गेला. ओल्या कट्ट्यावर बसता येईना, म्हणून सगळी पेठ उभीच होती. रुद्राप्पा आला. उंच, संथ, एका पायाने किंचित लंगडत. त्याच्या पाया पडायला माणसे धावली, तसा तो इतका संकोचला की त्याने स्वतःच पिराजीआण्णांचे पाय धरले. मला तो त्याच क्षणी आवडला. एखादा सज्जन थोरला भाऊ आवडावा तसा.

पोहे झाले, प्रश्न झाले. मग अप्पा म्हणाले, “शिकलेली मुले आहेत, दोन शब्द बोलू देत,” आणि आम्ही मागच्या सज्जात आलो. पागोळ्या अजून गळत होत्या. मी जे इतके दिवस जपून ठेवले होते ते त्याच्यापुढे ठेवले.

“बावन्न सालची लीगची शेवटची मॅच. तुम्ही चेंडू पायाखाली धरून थांबलात... तेव्हा मनात काय होते?”

त्याने कपाळाला आठ्या घातल्या. “बावन्नची शेवटची? ती झालीच न्हाय की.”

“शून्य-शून्य सुटली ती.”

“अवो, खेळलोच न्हाय आम्ही! पंच इचलकरंजीहून येणार हुते, त्यांची यष्टी हातकणंगल्याला बंद पडली. मैदानात बसून आम्ही शेंगा खाल्ल्या आन् घरला आलो. अख्खी पेठ हुती तिथं. पिराजीआण्णा तर माझ्या शेजारी बसलंवतं, टरफलं माझ्याच अंगावर टाकत.”

“अख्खी पेठ...” मी म्हणाले. सज्जाच्या कठड्याचा ओलावा माझ्या तळहातांतून वर चढत होता.

“आन् बॉल धरून मी थांबंन? वस्तादानं पाय मोडला असता माझा. माझ्याकडं बॉल आला की गेला. जवळ ठेवून घ्यायचा न्हाय, एवढंच मला येत हुतं.” एवढे बोलून तो थबकला. त्याने माझ्याकडे पाहिले. मैदानाच्या मध्यावर पाच वर्षे उभा राहिलेला माणूस कोण कुठे उभे आहे ते फार लवकर ओळखतो. “ही मॅच कुणी सांगितली तुम्हाला? त्र्यंबकानं?”

माझे कान पेटले होते, आणि बहुधा तेवढे उत्तर पुरे होते.

“कसा सांगितला त्यानं मला?” त्याने हळूच विचारले. “बरा सांगितला न्हवं?”

“फार सुंदर.”

“मग त्यो मी न्हवं,” रुद्राप्पा म्हणाला. आणि त्याच्या हसण्यात पुसटसे काहीतरी गळून गेले, ते मी पाहिले, आणि आजही विसरलेले नाही. “आत जाऊन मी सांगू, का तुम्ही सांगताय?”

“मीच सांगते.”

“पेठ चिडंल तुमच्यावर.”

“चिडू दे.”

मी आत गेले. अप्पा लोडाला टेकून बसले होते. कपाळावरची विभूती, डोक्यावरचा पांढरा रुमाल, आणि चेहऱ्यावर ठरल्यासारखे समाधान. वाक्य, कुणास ठाऊक कुठून, सरळ आले.

“अप्पा, हे फार मोठ्या मनाचे आहेत. पण मला ज्यांच्याशी बोलत राहायचे आहे ते खाली रस्त्यात उभे आहेत.”

मावशीच्या हातातला चमचा खाली पडला. “अय्य! कळलं म्हण की एकदाचं!” ती म्हणाली, आणि जीभ चावली. म्हणजे तीही.

“कोण तो?” अप्पांचा आवाज थंड होता.

“त्र्यंबक. शाहूपुरीत गुळाची अडत आहे त्यांच्या वडिलांची.”

“आणि या पाव्हण्यांचा अपमान?”

“अपमान कसला, अप्पा?” रुद्राप्पा दारातून म्हणाला. “पोरगी खरं बोलली. आमची आई रागावंल चार दिवस, मी समजावीन. पर त्या गड्याला एकदा बोलवून बघा. त्यानं मला सांगून सांगून इतका मोठा केलाय, की मलाच मला भेटायची भीती वाटती.”

अप्पांनी डोक्यावरचा रुमाल नीट केला. मग म्हणाले, “येऊ दे वर.”

मी स्वतःच खाली गेले. रस्ता ओलांडला. माणसे बाजूला सरली. त्र्यंबक चिंचेच्या बुंध्याला टेकून उभा होता, धुतलेला सदरा घालून. दुसऱ्याच्या आनंदासाठी इतका नीट तयार होऊन आलेला माणूस मी पाहिला नव्हता.

“ती मॅच झाली होती का?” मी विचारले.

तो पिराजीआण्णांकडे पाहू लागला. पिराजीआण्णा आकाशाकडे.

“न्हाय,” तो म्हणाला.

“मग सांगितली का?”

“आठवणी संपल्या हुत्या, बाई.” तो बुंध्यापासून सरळ उभा राहिला. “...आन् खिडकी उघडी हुती.”

चिंचेवरून टपटप पाणी पडत होते.

“एवढी मॅच रचलीत,” मी म्हणाले, “मग एक गोल तरी करायचा होतात.”

“खोट्याला बी काही मर्यादा हाय की! लीगच्या तक्त्यात त्या दिवशी दोघांच्या फुडं काहीच न्हाय. तालमीच्या नावावर नसलेला गोल... ते कसं जमावं?”

इतका वेळ आवरलेले हसू मला आवरेना, डोळ्यांतले पाणीही. “अप्पा वर बसले आहेत,” मी म्हणाले. “जे मला सांगत होता, ते आता त्यांना सांगा. थांबू नका.”

“आत्ता?”

“आत्ता.”

तो गेला. जिन्यावर त्याची पावले वाजली, दोनदा अडखळली. समोरच्या खिडकीत मावशीने घाईघाईने दिवा लावला, आणि सगळी पेठ मान वर करून उभी राहिली.

“काय चाललंय, बाई?” मागून पिराजीआण्णा कासावीस होऊन म्हणाले. “मला दिसत न्हाय. सांगा की!”

मग मी सांगू लागले. कट्ट्याच्या ओल्या दगडावर चढून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

“ते नमस्कार करून उभे राहिले आहेत. अप्पा काहीतरी विचारताहेत... हे बोलताहेत. हात हलवताहेत. रुद्राप्पा मध्ये पडले. अप्पांनी त्यांना गप्प केले.”

“मग? मग?”

“आता हे एकटेच बोलताहेत. खाली पाहून... फार हळू. अप्पांनी तांब्या उचलला.”

“कशाला?”

“पाणी त्यांच्यापुढे केले. बसा म्हणाले.”

माझ्याभोवती एक मोठा श्वास सुटला. कुणीतरी माझ्या पायाशी ओल्या दगडावर तसेच मटकन बसले.

“आन् अप्पा?” पिराजीआण्णांनी विचारले. “अप्पांचं तोंड कसं दिसतंय?”

तिथून मला अप्पांचा फक्त रुमाल दिसत होता, आणि त्याच्या पलीकडे दिव्याची लहानशी ज्योत.

“हसताहेत,” मी म्हणाले.

पेठेने आरोळी ठोकली. आणि मग, ती आरोळी पुरती विरून गेल्यावर, वरच्या खिडकीतून अप्पांचे हसू खरोखरच ऐकू आले.